मुरूम कुठून उचलला? आष्टीचं बांधकाम आणि पाण्याचा हिशेब

आष्टी म्हटलं की इतिहासाची आवड असलेले लोक लगेच १८१८ साल काढतात, बापू गोखल्यांचं नाव घेतात. ती आष्टी वेगळी, सोलापूर जिल्ह्यातली. आपली आजची आष्टी बीड जिल्ह्यातली, नगर जिल्ह्याला चिकटलेली, सीनेच्या काठाने पसरलेला तालुका. हिच्या नावावर मोठी लढाई नाही. हिचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बघायला गेलं तर तो मातीकामाचा आहे. कुणी कुठे खणलं, ती माती कुठे टाकली आणि खड्ड्याचं पुढे काय झालं, याचा.

हा विषय डोक्यात आला तो नगरहून आष्टीला रेल्वेने येताना. ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. नगर ते आष्टी ६६ किलोमीटर. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी १९९५ ची, म्हणजे या पहिल्या टप्प्यालाच एक पिढी गेली. सोलापूरवाडी, धानोरा, कडा अशी स्टेशनं मागे पडत होती आणि मी खिडकीतून रुळांखालचा भराव बघत होतो. एवढी माती! आणि मनात आलं की ही माती दाबून बसवायला पाणी लागलं असणार. या तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर लावतात, तिथे.

आता मागे जाऊ. १९७२ चा दुष्काळ. आमच्या भागातली म्हातारी माणसं कुणाच्या जन्माचं साल विचारलं तरी ‘दुष्काळाच्या आधी का नंतर’ असंच मोजतात. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि हातात टिकाव, खोरं नाहीतर घमेलं. खडी फोडायची, रस्ते करायचे, नालाबांध आणि पाझर तलाव बांधायचे.

पाझर तलाव म्हणजे काय, ते जरा थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या तलावाला कालवा नसतो. ओढ्यावर आडवा मातीचा बांध घालायचा, मध्ये चिकट काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर, जादा पाण्याला सांडवा. पाणी अडलं की ते तळातून मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. त्यामुळे पाझर तलाव जानेवारीत कोरडा पडला म्हणून तो फसला असं म्हणता येत नाही. त्याची परीक्षा तलावात नाही, खालच्या विहिरींत बघायची असते.

माझी आजी अशाच एका बांधावर कामाला होती. एकदा तिला विचारलं, बांध कसा दाबायचे गं? म्हणाली, “थरावर पाणी शिंपडायचं अन् धुमस मारायची. पण पाणीच नव्हतं रं बाबा. प्यायला नाही ते मातीला कुठनं घालावं? धुमस कोरड्यावरच पडायची.” एका वाक्यात तिने स्थापत्यशास्त्राचा नियम सांगितला. माती नुसती कुटून बसत नाही, तिला बेताचा ओलावा लागतो. कमी झाला तर कण एकमेकांत सरकत नाहीत, जास्त झाला तर चिखल. पाणी साठवायचा बांध बांधायलाच पाणी नाही, ही त्या साली कामावर असलेल्यांची अडचण. त्या काळची सगळी कामं टिकली नाहीत, त्यामागे घाई आणि देखरेखीची वानवा ही कारणं सांगतात. माझ्या मते कोरडी माती हेही एक कारण धरायला हवं.

पुढे हीच कामं कायद्यात आली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगलीकडे तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम सरकारी खात्याचं, हजेरी मस्टरवर, ठेकेदाराला मज्जाव. निदान कागदावर तरी.

मग हळूहळू मस्टर मागे पडलं आणि जेसीबी आला. आता रस्ता, पूल, रेल्वे सगळं कंपनीकडे. आणि कंपनीचं पाणी म्हटलं की लोकांना काँक्रीट आठवतं. तेही बरोबर आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायचं, राख मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस. कोरड्या कडक उन्हात त्याहून जास्त. त्यावर उपाय आहेत: नळी सोडून देण्याऐवजी ओलं गोणपाट घालणं, स्लॅबवर आळी करून पाणी कोंडणं, पाणी उडू न देणारं रसायन फवारणं, मिक्सर धुतलेलं पाणी निवळून पुन्हा वापरणं. चांगल्या कंपन्या हे करतात आणि त्यांच्या अहवालांत त्याचे फोटोही असतात. असू द्यात.

पण खरा हिशेब फोटोत येत नाही, तो भरावात आहे. आपणच मांडून बघू. सरासरी बारा मीटर रुंद, एक मीटर उंच, एक किलोमीटर लांब भराव धरा. झाली १२,००० घनमीटर माती. कोरड्या मुरमाला दाबताना घनमीटरमागे शंभरेक लिटर पाणी घातलं तर १२ लाख लिटर. दहा हजार लिटरचे १२० टँकर, एका किलोमीटरला. भीती वाटते ना? आता उलटी बाजू बघा. ही माती जिथून उचलली तिथे साधारण तेवढाच खड्डा पडला. त्यात मावतं १ कोटी २० लाख लिटर. एका भरण्यात दहापट. आणि तो खड्डा दरवर्षी भरू शकतो.

‘भरू शकतो’ असं जपून म्हणतो. कारण माळावर, जिथे ओघळसुद्धा येत नाही, तिथे खणलेल्या खड्ड्यात फक्त त्याच्या डोक्यावर पडलेलं पाणी. बाकी वर्षभर तो गुरांना आणि पोहायला जाणाऱ्या पोरांना धोका. तोच मुरूम ओढ्याच्या किंवा जुन्या तलावाच्या पोटातून काढला तर तलावाची गेलेली जागा परत मिळते.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घेतला गेला. रस्ताही झाला आणि साठाही वाढला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून नीती आयोगाने त्याची दखल घेतली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ची. दोन्ही जोडून बघा: वरचा काळा गाळ रस्त्याला नालायक, कारण तो पाण्याने फुगतो आणि उन्हात भेगाळतो, पण शेताला सोनं. खालचा मुरूम शेताला नको, रस्त्याला हवा. एकाच तलावाचे दोन गिऱ्हाईक, भांडण नाही.

मात्र खोलीला मर्यादा हवी. नाले वाट्टेल तसे खोदले जाताहेत, अशी तक्रार जलयुक्त शिवारच्या वेळी अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात नेली होती आणि मग जॉनी जोसेफ समिती नेमली गेली. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. वरचा मुरमाचा थर पाणी झिरपवतो, तोच सगळा खरवडून कातळ उघडा केला तर साठा दिसतो पण मुरणं मंदावतं. आणि बांधाच्या पायथ्याशी खणलं तर बांधच धोक्यात.

आष्टीत हे अवघड नाही असं मला वाटतं. याच तालुक्यातल्या आनंदवाडीने २०१८ च्या वॉटर कपमध्ये राज्यात तिसरा क्रमांक विभागून घेतला. शिवारात पाणी कुठे थांबतं आणि कुठे पळतं, हे तिथल्या माणसांना नकाशा न बघता सांगता येतं. कंपनीचा अभियंता बाहेरचा, त्याला जवळचा आणि स्वस्त मुरूम दिसतो. त्याला माळावर जाऊ द्यायचं की बहात्तरच्या तलावाकडे न्यायचं, हे परवाना देताना ठरतं, आणि ग्रामसभेत त्यावर मोठ्याने बोलता येतं. ट्रक लागल्यावर बोलून काही होत नाही.

आजीच्या बांधाकडे मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. दगडी अस्तर अजून जागेवर आहे, सांडवा एका बाजूने खचलाय, पोटात गाळ इतका की त्यात बाभळी वाढल्यात. खालच्या विहिरीत पाणी होतं, थोडं, पण होतं.

तुमच्या गावात बहात्तरचा पाझर तलाव असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, माती कुठून आणली होती आणि पाणी कुठून. खाली लिहून कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.