नागपूर जिल्ह्यातील शेती
नागपूर जिल्ह्यातील शेती : विदर्भातील कापूस व भात या पिकांच्या पट्ट्यांमधील संक्रमणप्रदेशाची शेती. पश्चिमेकडील काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर तालुक्यांतील काळी जमीन कापूस व संत्री यांना मानवते, तर पूर्वेकडील रामटेक व मौदा तालुक्यांत भात पिकतो.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर वसविताना बाहेरून शेतकरी व कारागीर आणून वसाहतीस उत्तेजन दिले. भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यावर ब्रिटिशांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली व १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यामुळे ज्वारी, गहू व जवस यांच्या जोडीला कापूस हे रोकड पीक पुढे आले. मात्र त्याचा भाव दूरच्या बाजारपेठांत ठरू लागला. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी कोरडवाहू शेतीचा दुबळेपणा उघड केला.

संत्र्याची कलमे भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून आणली गेली, असे सांगतात. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून कलमे करतात. पाणी तोडून झाडांना ताण दिल्यावर बहर येतो. आंबिया बहराची फुले जानेवारी–फेब्रुवारीत व मृग बहराची जून–जुलैत येतात. डिंक्या व कोळशी या रोगांमुळे बागांचे फार नुकसान होते. विहिरींच्या वाढत्या उपशामुळे भूजलाची पातळीही खालावली आहे.

मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. परंतु तिच्याबरोबर गावतळ्यांच्या देखभालीची जुनी व्यवस्थाही मोडली व पूर्वेकडील भातशेतीस त्याची झळ पोहोचली. कापसाची एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली व पुढे बंद पडली. सोयाबीनने ज्वारीचे बरेच क्षेत्र व्यापले. २००२ पासून आलेल्या बीटी वाणांनी आरंभी बोंडअळीस आवर घातला. तथापि पुढे गुलाबी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली.

नागपूर येथे कृषी महाविद्यालय (१९०६), केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६) व लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र (१९८५) स्थापन झाले. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि बांगला देशाने आयात शुल्क वाढविताच बागाईतदारांना मोठी झळ बसली. संशोधन व मानांकन लाभूनही साठवण, प्रक्रिया व खात्रीचे पाणी यांची उणीव भरून निघाल्याखेरीज येथील शेतीला स्थैर्य येणे कठीण आहे.