दोन राण्यांचीं झाडें

घरच्या बागेंत आलुबुखाराची कोणती जुनी जात लावावी, हा प्रश्न इंग्लंडांत आपणांस दोन राण्यांपुढें आणून उभा करतो. पहिली फ्रान्सची राणी क्लोद. ती १५२४ सालीं वारली. पण तिच्या नांवाचें हिरवें, मधुर फळ टिकून राहिलें. अठराव्या शतकांत गेज घराण्यानें तीं झाडें फ्रान्सहून आणविलीं. वाटेंत नांवाची चिठी हरवली, म्हणून माळ्यानें त्यांस ‘ग्रीनगेज’ म्हटलें, अशी आख्यायिका आहे. दुसरी व्हिक्टोरिया. तिच्या नांवाचें झाड ससेक्समधील आल्डर्टन येथें सांपडलें व १८४० च्या सुमारास प्रसिद्धीस आलें.

ग्रीनगेजची गोडी अपूर्व; परंतु त्या जुन्या जातीस चांगली फळें धरण्याकरितां परक्या जातीचा पराग लागतो. व्हिक्टोरिया एकटीच फांद्या मोडण्याइतकी लगडते. तिचें फळ कच्चें खाण्यास साधारण, मुरंब्यास मात्र उत्तम. म्हणून आम्ही तर दोन्ही झाडें शेजारीं शेजारीं लावावीं असें म्हणूं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. बी रुजवून मूळ जात हातीं येत नाहीं. ती कलमानेंच चालते. म्हणजे आजचें झाड हें त्या पहिल्या झाडाचीच फांदी होय. मधली एक पिढी उदासीन झाली असती, तर या राण्यांचीं नांवें केवळ ग्रंथांत उरलीं असतीं.