मूल सतत डोळे मिचकावतं? टिक्स म्हणजे काय आणि त्या शाळेतल्या तपासणीत का सुटतात?

सतत डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदे उडवणं, घसा खाकरणं. मूल हे मुद्दाम करत नाही. अशा हालचालींना आणि आवाजांना 'टिक्स' म्हणतात. त्या बहुधा 4 ते 6 वर्षांच्या वयात सुरू होतात, 10 ते 12 मध्ये वाढतात आणि पुढे अनेक मुलांमध्ये कमी होतात. अनेक हालचाली आणि किमान एक आवाज वर्षाहून जास्त काळ दिसत असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात.

मग निदान का राहून जातं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते. तिच्या मूळ यादीत फिट्स, स्वमग्नता, एडीएचडी आहेत, टिक्स नाहीत. मग पालक आधी डोळ्यांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातात आणि वर्गात मूल खोडकर ठरतं.

उपचार काय?

टिक्सचा त्रास होत नसेल, तर अनेकदा फक्त लक्ष ठेवणं पुरतं. त्रास होत असेल, तर टिक येण्याआधीची जाणीव ओळखून वेगळी हालचाल करायला शिकवतात. मात्र हे शिकवणारे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. गावाकडच्या पालकांसाठी प्रत्येक भेट म्हणजे प्रवास आणि बुडालेली मजुरी.

पालकांनी काय करावं?

मुलाला टोकू नका. टिक्सचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निदान लक्षणांवरूनच होतं, सहसा स्कॅन लागत नाही. जवळ तज्ज्ञ नसतील, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.