आघाती टोपीचे रिव्हॉल्व्हर
आघाती टोपीचे रिव्हॉल्व्हर : फिरत्या दंडगोलातील प्रत्येक घरात दारू व गोळी पुढच्या बाजूने ठासून आणि घरामागील पोकळ खुंटीवर तांब्याची स्फोटक टोपी बसवून एकामागून एक पाच किंवा सहा बार काढता येणारे हातातील शस्त्र. घोडा मागे ओढला की दंडगोल फिरून पुढचे घर नळीच्या रेषेत येते; चाप दाबल्यावर घोडा टोपीवर आदळतो आणि टोपीतील स्फोटक द्रव्याची ज्वाला खुंटीच्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. धातूचे काडतूस सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, सुमारे १८३६ ते १८७० या काळात, हे शस्त्र विशेष प्रचारात होते. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्याने बाळगली जाणारी टोपीची ठासणीची बंदूक आणि हे रिव्हॉल्व्हर यांचे प्रज्वलनाचे तत्त्व एकच आहे.

इतिहास : फिरत्या घरांची कल्पना जुनी आहे, अडचण होती ती रंजकाची. तोड्याच्या वा चकमकीच्या बंदुकीत प्रत्येक बारासाठी कान्यावर सुटी दारू ठेवावी लागे. एलिशा कॉलिअर या अमेरिकनाने १८१८ मध्ये इंग्लंडात चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे एकस्व घेतले. परंतु हे शस्त्र महागडे व नाजूक राहिले. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या वापराचे एकस्व घेतले होते. त्यातून पुढे तांब्याची टोपी निघाली आणि प्रत्येक घराला स्वतःचे बंदिस्त रंजक मिळाले. रिव्हॉल्व्हर खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाले ते या टोपीमुळे.

सॅम्युएल कोल्ट हा १८३० मध्ये ‘कॉर्व्हो’ या जहाजावरून बॉस्टनहून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला आणि या सफरीत त्याने आपल्या शस्त्राचा लाकडी नमुना कोरला, असे सांगतात. जहाजाचे चक्र पाहून ही कल्पना सुचल्याची गोष्ट मात्र कोल्टच्या जाहिरातकौशल्याशी इतकी जुळणारी आहे, की ती जपूनच घेतलेली बरी. त्याला १८३५ मध्ये इंग्लंडचे आणि १८३६ मध्ये अमेरिकेचे एकस्व मिळाले. न्यू जर्सीतील पॅटर्सन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये तयार झालेल्या वॉकर रिव्हॉल्व्हरने त्याचे नशीब पालटले. हे सुमारे २ किग्रॅ. वजनाचे अवजड शस्त्र होते. त्याच्या घरात सु. ४ ग्रॅ. दारू मावे, आणि तेवढ्या दाबाने काही दंडगोल फुटलेही. १८५१ चे ‘नेव्ही’ (व्यास सु. ९ मिमी.) हे हलके व तोलदार रिव्हॉल्व्हर कोल्टचे सर्वांत प्रसिद्ध शस्त्र ठरले. हार्टफर्ड येथे त्याचे दोन लाखांहून अधिक नग निघाले. लंडनमध्येही कोल्टने १८५३ मध्ये कारखाना काढला. तो थोड्याच वर्षांत बंद झाला.

कोल्टचा खरा प्रतिस्पर्धी रॉबर्ट ॲडम्स हा होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात दोघांचीही रिव्हॉल्व्हरे मांडलेली होती. ॲडम्सने नळी व चौकट एकाच लोखंडातून घडविली आणि घोड्याला बोटाची पकड ठेवलीच नाही. नुसता चाप ओढला की घोडा उठून पडे. जवळच्या झटापटीत हे सोयीचे होते, पण नेम साधण्यास अडचणीचे. लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँ याच्या १८५६ च्या सुधारणेने दोन्ही रीती एकत्र आल्या. बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरने हाच प्रश्न दुहेरी चापाने सोडविला होता. १८५७ च्या उठावाच्या काळात भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांजवळ या तिन्ही घडणींची शस्त्रे होती. ती बहुधा स्वखर्चाने घेतलेली असत.

ओळख : जुने रिव्हॉल्व्हर हाती आल्यावर पहिले काम त्याचे नाव शोधण्याचे नाही, तर ते रिकामे आहे याची खात्री करण्याचे आहे. शंभर वर्षे पडून असलेल्या शस्त्रातही ठासलेली दारू जिवंत असू शकते. खुंट्यांवर टोप्या नाहीत हे पाहून प्रत्येक घरात पुढून लाकडी काडी घालावी व सर्व घरांची खोली ताडून पाहावी. एखादे घर उथळ लागले तर शस्त्र जाणकाराकडे द्यावे.

यानंतर प्रथम घडण पाहावी, लेख नंतर वाचावा. दंडगोलाच्या वर पूल नसलेली, नळी आडव्या पाचरीने अडकविलेली उघडी चौकट ही कोल्टची व त्याच्या अनुकरणांची खूण होय. वरून बंद असलेली चौकट रेमिंग्टन, ॲडम्स, ट्रँटर इत्यादींची. घोड्याला पकड नसेल तर आरंभीचे ॲडम्स, मुठीपाशी दोन चाप असतील तर ट्रँटर, नऊ घरांच्या दंडगोलाच्या मधोमध छर्ऱ्यांची दुसरी नळी असेल तर ल माट, असे सामान्यतः म्हणता येते. इंग्रजी शस्त्रांचा व्यास आकड्यात वेगळ्या रीतीने देतात : एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील तो अंक. म्हणून ५४ अंकाचे शस्त्र (सु. ११ मिमी.) १२० अंकाच्या शस्त्रापेक्षा मोठे असते, हे नवख्याला चमत्कारिक वाटते.

लेखावर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत कशी होते याचे उत्तम उदाहरण रेमिंग्टनचे आहे. त्याच्या नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही तारीख कोरलेली असल्याने त्याला सर्रास ‘१८५८ चे रेमिंग्टन’ म्हणतात. ती तारीख बील्सच्या एकस्वाची आहे. हे लष्करी नमुने अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ नंतर, बनले. त्याचप्रमाणे चौकटीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डा यांचे नाव आढळल्यास ते विक्रेत्याचे समजावे; शस्त्र इंग्लंडात घडलेले असते. लंडनच्या चाचणीगृहाच्या मुकुटांकित मुद्राही जन्मस्थान सिद्ध करीत नाहीत, कारण अमेरिकेत बनून इंग्लंडात विक्रीस आलेल्या नगांवरही त्या उमटविल्या जात. लंबवर्तुळातील ई-एल-जी ही अक्षरे बेल्जियममधील ल्येझची. तेथे कोल्टच्या परवान्याने आणि परवान्यावाचूनही असंख्य नकला निघाल्या.

कोल्टच्या शस्त्रांत नळी, चौकट, चापाचे कडे, मुठीची पट्टी व दंडगोल यांवर एकच अनुक्रमांक असतो. ते अंक जुळत नसतील तर शस्त्र अनेक शस्त्रांच्या भागांतून जुळविलेले आहे. नेव्हीच्या दंडगोलावर १८४३ च्या कांपेचे येथील नाविक लढाईचे चित्र उठविलेले असते. ते जितके स्पष्ट तितके शस्त्र कमी झिजलेले. पण अतिस्पष्ट चित्र संशय घेण्याजोगे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत या शस्त्रांच्या हुबेहूब प्रतिकृती होऊ लागल्या आणि १९७१ पासून खुद्द कोल्ट कंपनीनेही नेव्हीचे पुन्हा उत्पादन केले. इटालियन प्रतिकृतीवर गार्दोने येथील चाचणी-मुद्रा व चौकटीतील सांकेतिक वर्ष असते. या खुणा कानशीने घालवून, आम्लाने गंज चढवून जुन्या म्हणून विकलेल्या प्रतिकृती थोड्या नाहीत. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांतील शस्त्रे सर्वांत दुर्मिळ, म्हणून त्यांची बनावट सर्वांत अधिक. जॉर्जियातील ग्रिझवोल्डच्या कारखान्याने पोलादाच्या टंचाईमुळे चौकटी पितळी केल्या होत्या. आज पितळी चौकट दिसताच खरेदीदाराने हुरळून न जाता मुद्रा शोधाव्यात.

नेमबाजी : अशा शस्त्रात काळी दारूच वापरतात. धूरविरहित दारूचा दाब या घडणीला सोसत नाही आणि तिच्या वापराने दंडगोल फुटून हात गमावण्याचा प्रसंग येतो. घोडा अर्धा चढवून प्रत्येक घरात मोजलेली दारू घालतात. घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी अशी शुद्ध, मऊ शिशाची गोळी त्यावर ठेवून नळीखालच्या तरफेने दाबतात. दाबताना शिशाचे बारीक कडे कापले जाऊन बाहेर पडले, तर गोळी घट्ट बसली असे समजावे. त्यावर चरबीचा लेप देतात किंवा गोळीखाली तेलकट नमद्याची चकती घालतात. टोप्या सर्वांत शेवटी बसवितात. गोळी सैल राहिली वा टोपी खुंटीवर नीट बसली नाही, तर एका घराची आग शेजारच्या घरांना लागून अनेक बार एकदम सुटतात. ही आग पुढून शिरते की मागून याविषयी जाणत्या नेमबाजांत अजूनही वाद आहे. फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रणेत अडकू नयेत म्हणून कोल्टचे नेमबाज घोडा ओढताना नळी आकाशाकडे करतात. काळ्या दारूची राख ओलावा शोषते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून तेल दिले नाही तर गंज चढण्यास एक रात्र पुरते.

ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत अशा रिव्हॉल्व्हरची २५ मी. अंतरावरील स्वतंत्र स्पर्धा असते. तीत तेरा बारांपैकी उत्तम दहांचे गुण धरतात. मूळ शस्त्रे व प्रतिकृती यांचे वर्ग वेगळे असतात. तथापि मूळ शस्त्र चालवावे की नाही हा प्रश्न शिल्लक राहतोच. खड्डे पडलेली घरे, झिजलेला अटकाव व ढिली पाचर ही वरवर दिसत नाहीत. दंडगोल रेषेत नेमका न थांबल्यास गोळीचा काठ तासला जाऊन शिशाचे कण बाजूला उडतात. शिवाय शस्त्र शाबूत राहिले तरी प्रत्येक सफाईत मुद्रा, अंक आणि मूळ निळसर झिलई थोडी थोडी पुसली जाते, आणि ओळख पटविण्याचा पुरावा तोच असतो. नेमबाजीची हौस प्रतिकृतीवर भागत असताना दुर्मिळ नग खर्ची घालणे समर्थनीय वाटत नाही.

ऱ्हास व कायदा : मागून काडतूस भरता येईल अशा आरपार घरांच्या दंडगोलाचे रॉलिन व्हाइटचे एकस्व (१८५५) अमेरिकेत स्मिथ व वेसन यांच्या हाती होते. त्यामुळे १८६९ पर्यंत तेथील इतर कारखानदारांना टोपीवरच अडून राहावे लागले. एकस्वाची मुदत संपताच जुन्या रिव्हॉल्व्हरांचे दंडगोल बदलून ती काडतुसांसाठी रूपांतरित करण्यात आली. म्हणून मूळ स्थितीतील नग त्यांच्या उत्पादनाच्या मानाने कमी आढळतात.

भारतात केवळ जुनेपणामुळे असे शस्त्र कायद्यातून सुटत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कालबाह्य घडणीच्या वा पुरावस्तुमूल्य असलेल्या शस्त्रांना दिलेली सवलत, दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. वाड्यातील पेटीत एखादे रिव्हॉल्व्हर सापडल्यास ते साफ करीत बसण्यापूर्वी पोलिसांना कळवावे. संग्रहालयाकडे ते द्यावयाचे असल्यास गंजासह, आहे त्या स्थितीत द्यावे.