इंजिनाचा उच्छ्वास

जुनी गाडी घेताना आपल्याकडचा अनुभवी मेकॅनिक एक गोष्ट हमखास करतो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतो आणि आतून धुराचे भपकारे येतात का ते बघतो. आले, की मान हलवून म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन आहे. काम निघेल." आज या भपकाऱ्यांबद्दल लिहायचं आहे. घरातल्या ज्या मंडळींना इंजिनात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट शेवटी हवेची आहे आणि ती आपण सगळेच घेतो.

पिस्टनला रिंगा असतात, पण त्या कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली निसटतोच. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्यात जास्त. हा वायू खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे ऑइल असतं तिथे जमतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. त्याला बाहेर काढलं नाही तर ऑइलचा चिखल होतो, आत दाब वाढतो आणि सील, गॅस्केट गळायला लागतात. म्हणजे इंजिनाला नुसता श्वास घेऊन चालत नाही, उच्छ्वासही लागतो.

सुरुवातीची कितीतरी वर्षं यावर साधा उपाय होता. क्रँककेसमधून एक नळी काढायची आणि तिचं तोंड गाडीखाली, रस्त्याकडे सोडायचं. गाडी धावली की खालून जाणाऱ्या वाऱ्याने नळीत ओढ तयार होते आणि वायू बाहेर खेचला जातो. गाडी सिग्नलला उभी असेल तर ओढ नाही, म्हणजे वायू आतच. आणि जो बाहेर पडला तो कुठे गेला, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. रस्ता कुणाच्या मालकीचा नसतो ना!

दुसऱ्या महायुद्धात मात्र ही नळी अडचणीची ठरली. लष्करी गाड्यांना नदीनाले ओलांडायचे असत आणि खाली उघडी नळी म्हणजे इंजिनात पाण्याला आमंत्रण. मग क्रँककेसमधला वायू एका छोट्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनाच्याच इनटेक मॅनिफोल्डमध्ये सोडायची युक्ती वापरली गेली. विलीजच्या प्रसिद्ध जीपमध्येही असा व्हॉल्व्ह होता. ही युक्ती म्हणजेच पुढे 'पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन', थोडक्यात पीसीव्ही. युद्ध १९४५ साली संपलं आणि साध्या गाड्यांची नळी पुन्हा रस्त्यावर आली.

इकडे १९४३ च्या जुलैमध्ये लॉस अँजेलिसवर असं दाट धुकट साचलं होतं की डोळे चुरचुरू लागले आणि शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी शंका काहींना आली. कारखान्यांवर संशय गेला. खरं कारण शोधलं आरी हागन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होता! तीच कसोशी त्याने शहराच्या हवेवर वापरली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर कॅलिफोर्नियाचं ऊन पडलं की हे धुकट तयार होतं. बोट थेट मोटारींकडे गेलं. केनेथ हान हे तिथले लोकप्रतिनिधी १९५३ पासून वर्षानुवर्षं डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रं लिहीत राहिले.

पुढे असं लक्षात आलं की गाडीतून निसटणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर त्या नळीतून येतो. उपाय तर युद्धापासून माहीत होता. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर पीसीव्ही आलं, बाकीच्या अमेरिकेत १९६३ च्या मॉडेलपासून. मधली दोन वर्षं कशाला? १९६९ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरला, त्यात नेमका हाही आरोप होता, की कंपन्यांनी आपसात ठरवून हे उपकरण देशभर लावायला उशीर केला. खटला चाललाच नाही, त्याच वर्षी तडजोड झाली आणि दोष कुणीच कबूल केला नाही. असो.

आता थोडं आजचं. माझे एक शेजारी (वय सत्तरीपार, उत्साह विशीचा) आपल्या जुन्या शेव्हर्ले पिकअपचा कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवत आहेत. शनिवारी मी पाने हातात द्यायला जातो. त्यांचा जीव अडकलाय तो १९६० च्या दशकातल्या, एकही भोक नसलेल्या सुंदर व्हॉल्व्ह कव्हरमध्ये (आपल्याकडे टॅपेट कव्हर म्हणतात). पण या कव्हरना भोकं का नव्हती? कारण तेव्हा शेव्हर्लेच्या त्या इंजिनाचा वायू ब्लॉकच्या मागच्या भोकातून निघत असे आणि ऑइल समोरच्या नळीतून भरत. १९६८ च्या सुमारास ब्लॉकमधलं भोक गेलं आणि ही दोन्ही कामं कव्हरकडे आली. शेजाऱ्यांचं इंजिन नंतरचं, कव्हर आधीची. म्हणजे इंजिनाचं नाकच बंद!

तेव्हा भोकं पाडणं आलं. एका कव्हरमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह, दुसऱ्यातून ताज्या हवेची नळी. व्हॉल्व्हखाली पत्र्याचा आडोसा हवा, नाहीतर रॉकरवरून उडणारं ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं, गाडी निळा धूर सोडते आणि ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. ताजी हवा एअर फिल्टरनंतरच घ्यायची. हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्याही पुढून, नाहीतर न मोजलेली हवा आत शिरून कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. व्हॉल्व्हही चक्क जुन्या गाडीला शोभेलसा निवडायचा नाही, इंजिनाला मानवेल असा निवडायचा: आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते तेव्हा तो जवळजवळ मिटतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडतो आणि बॅकफायर झालं तर पूर्ण बंद होऊन ज्वाळा ऑइलपर्यंत जाऊ देत नाही.

सोपा मार्गही आहे. दोन्ही कव्हरवर चकचकीत उघडे ब्रीदर लावायचे. कित्येक हौशी लोक तेच करतात. दिसतं छान, पण मग हजारो रुपयांचं इंजेक्शन बसवूनही आपण त्या रस्त्यावरच्या नळीपाशीच परत जातो. शेजारी दोन शनिवार विचार करत होते. शेवटी म्हणाले, लहानपणी आपण याच लॉस अँजेलिसमध्ये डोळे चोळत शाळेत गेलोय, तेव्हा भोकं पाडू. पाडली.

मला या सगळ्यात एक गोष्ट राहून राहून जाणवते. उपाय शोधायला हुशारी लागली खरी, पण ती लवकर मिळाली. उशीर लागला तो हे मान्य करायला, की माझ्या गाडीखालून जे बाहेर पडतं ते माझंच आहे. आपल्याकडे घरचा केर झाडून रस्त्यावर लोटणाऱ्यांना काय म्हणतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.