मास्तर ते प्रशिक्षक

महाविद्यालयात फुटबॉल खेळणारा तरुण पुढे प्रशिक्षक कोणत्या वाटेने होतो, हे पाहण्यासाठी आपण आपल्याच मुलखाच्या इतिहासाकडे वळू. आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथील उच्च शिक्षणाची नाळ उस्मानिया विद्यापीठाशी जुळलेली होती.

त्याच विद्यापीठाच्या संघातून सय्यद अब्दुल रहीम (1909–1963) खेळले. पदवीनंतर ते शाळेत मास्तर झाले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी मिळविली. पुढे हैदराबाद सिटी पोलीस आणि भारतीय संघ त्यांच्या हाती आले. 1951 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारत चौथा आला. 1962 मध्ये जकार्ता येथे, कर्करोगाने ग्रासलेल्या रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस आघाडीवर खेळविले; त्यांनी गोल केला आणि दक्षिण कोरियाचा 2-1 असा पराभव झाला. पुढच्याच जूनमध्ये रहीम निवर्तले.

1961 मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि प्रशिक्षकांना पदविकेची रीतसर वाट मिळाली. आता तर परवान्यांच्या पायऱ्याही आहेत. तथापि, रहीम यांना माणूस ओळखण्याची दृष्टी वर्गातच लाभली, असे आम्हांस वाटते. म्हणून धर्मग्रामातील पालकांस आमचे सांगणे एवढेच: मैदानाची ओढ असलेल्या मुलाचे पुस्तक सुटू देऊ नका, आणि पुस्तकापायी त्याचे मैदानही हिरावून घेऊ नका.