थांबवता येणारा फळा

भूमितीची पूर्ण झालेली आकृती पाहून मूल फारसं शिकत नाही. ती काढली जाताना पाहून शिकतं. स्क्रीन रेकॉर्डिंग वर्गात आलं ते याच गरजेपोटी.

त्याचं मूळ शोधत गेलं की आपण ९ डिसेंबर १९६८ला पोचतो. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगणक परिषदेत संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तास संगणकावरचं आपलं काम मोठ्या पडद्यावर दाखवलं. त्यांचा हात हलला की कर्सर हलताना सभागृहाला दिसे, मधूनच त्यांचा चेहराही त्याच पडद्यावर उमटे. आजच्या ऑनलाइन धड्याची मांडणी तिथे तयार होती. मात्र पाहणाऱ्याला ते थांबवता येत नव्हतं. आपल्याकडे १९८४ साली दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले, तेव्हाही वेळ वाहिनीचीच होती. चुकलं ते चुकलं.

१९९४मध्ये लोटस कंपनीचं स्क्रीनकॅम आलं आणि पडद्यावरची हालचाल आवाजासह साठवता येऊ लागली. पुढे कॅमटेशिया आलं. ही साधनं आधी मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी वापरली गेली. शाळेत ती उशिरा पोचली.

२००४मध्ये बोस्टनहून खान अकादमीचे सलमान खान न्यू ऑर्लिन्समधल्या नात्यातल्या लहान बहिणीला फोनवरून गणित शिकवत होते. २००६पासून ते धडे यूट्यूबवर टाकू लागले. काळ्या पडद्यावर रंगीत आकडे उमटायचे, सोबत फक्त आवाज. नात्यातल्या भावंडांना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा हेच आवडलं, कारण तीच पायरी कितीही वेळा पाहिली तरी कुणाचा वेळ खाल्ल्याचा संकोच नव्हता. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्कच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, सामन्यांसाठी तास बुडणाऱ्या मुलांकरता धडे रेकॉर्ड केले. हजर असलेली मुलंही ते पाहू लागली. मग दोघांनी स्पष्टीकरण घरी पाठवलं आणि वर्गाचा वेळ प्रयोगांना, अडलेल्या गणितांना दिला.

या परंपरेतलं आपल्या मातीतलं काम म्हणजे आयआयटी मुंबईचा, प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा सॉफ्टवेअर शिकवणारा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. धडा साधारण दहा मिनिटांचा. संहितेत दोन रकाने: एकात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलायचं. ती आधी नवशिक्याकडून तपासून घेतात. तो अडला तर वाक्य बदलतं, आणि मगच रेकॉर्डिंग होतं. पडद्यावरचा मेन्यू इंग्रजीच राहतो, आवाज मराठी, तमिळ, बंगाली होतो. शिकणारा एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर उघडतो. एक पायरी बघतो, धडा थांबवतो, स्वतः करून पाहतो आणि पुढे जातो. इंटरनेट नसलं तरी धडे चालतात, म्हणून आडगावच्या कॉलेजातल्या मुलालाही पायथनसारखं प्रोग्रॅमिंग आपल्या भाषेत समजावून घेता येतं.

२०१७मध्ये आयफोनवर आणि २०२०मध्ये अँड्रॉइड ११वर रेकॉर्डिंगची सोय अंगचीच आली. कोविडमुळे शाळा बंद होत्या त्या काळात शिक्षकांना तिचा मोठा आधार झाला.

तरी तासभराचं व्याख्यान जसंच्या तसं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणं म्हणजे शिकवणं नव्हे. धडा छोटा हवा, एका वेळी एकच पायरी दाखवणारा हवा, आणि वाचलेला तास मुलांच्या वहीशेजारी उभं राहण्यात जायला हवा. तंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. शाळांनी शिक्षकाला वहीशेजारी उभं राहण्याचा हा वेळ वेळापत्रकातच द्यावा.